मेबल नॉर्मंड : एका मूकपट-विनोदिनीचें कर्तृत्व आणि त्याचीं साधनें

प्रस्तुत लेखाचें नांव वाचून कित्येक सभासदांच्या कपाळास आठी पडेल, हें लेखक जाणून आहे. ज्या पानांत सनदा, महजर, कैफियती आणि शकावल्या छापावयाच्या, त्यांत अमेरिकेंतील मूकपटांच्या एका नटीला जागा कशास, हा प्रश्न वाजवी आहे. त्याचें उत्तर एवढेंच कीं, प्रश्न नटीचा नसून साधनांचा आहे. एका व्यक्तीनें एक काम केलें. तें केल्याचें समकालीन छापील प्रमाण आहे. कामाचा कांहीं भाग प्रत्यक्ष शिल्लक आहे. तरीहि चाळीस-पन्नास वर्षांनंतर लिहिलेल्या दोन आत्मचरित्रांच्या बळावर तें काम दुसऱ्याच्या नांवावर चढलें, किंवा तें तिला साधलेंच नाहीं असें ठरलें. कै. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतील तारतम्य आपल्या प्रांतांत शाळकरी मुलालाहि ठाऊक झालें आहे. बखरीनें अस्सल कागदावर मात केल्याचें एक अगदीं अलीकडचें आणि डोळ्यांनीं पाहतां येण्यासारखें उदाहरण म्हणून पुढील मजकूर सादर केला आहे.

लेखकाचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. सिनेमाचा नाद त्यास कधींच नव्हता. परंतु त्याचा एक जुना विद्यार्थी जुन्या फितींच्या डागडुजीच्या कामांत पडला आहे. त्यानें गेल्या दोन वर्षांत मेबल नॉर्मंड हिचीं शिल्लक असलेलीं बरींच चित्रें, कांहींच्या दोन-दोन प्रतींसह, घरीं आणून दाखविलीं. पहिल्या चित्राच्या वेळीं लेखक केवळ भिडेखातर बसला होता. तिसऱ्या चित्राच्या वेळीं हातांत वही आली.

प्रथम जन्माचाच घोळ पाहावा. लॉस एंजेलिस येथील कॅल्व्हरी स्मशानभूमींत तिच्या समाधिलेखावर १८९५ हें जन्मवर्ष कोरलेलें आहे. आजचे अभ्यासक मात्र तिचा जन्म १८९२ किंवा १८९३ च्या नोव्हेंबरांत, न्यूयॉर्कजवळील स्टॅटन बेटावर, झाला असें मानतात. शिलालेख दिसला म्हणजे आपण मान तुकवितों. पण तो कोणाच्या सांगण्यावरून कोरला हें आधीं विचारलें पाहिजे. नटीचें वय दोन-तीन वर्षांनीं उतरवून सांगण्याची त्या धंद्याची जुनी रीत होती, आणि एकदां छापून आलेलें वय थडग्यापर्यंत सोबत करतें. बाप क्लॉड नॉर्मंड हा फ्रेंच-कॅनेडियन वंशाचा, सुतारकाम करणारा. आई आयरिश वंशाची. घरची स्थिति बेताची. पंधरा-सोळाव्या वर्षीं मुलीनें न्यूयॉर्कांत चित्रकारांपुढें नमुना म्हणून बसण्याचें काम धरलें. चार्ल्स डेना गिब्सन आणि जेम्स माँटगमरी फ्लॅग हे त्या काळचे नामांकित चित्रकार तिच्या कामदारांपैकीं होते. तेथून चलच्चित्रांच्या कारखान्यांत जाणें हें त्या काळीं एका गल्लींतून दुसरींत जाण्यासारखेंच होतें. १९११ मध्यें व्हायटाग्राफ कंपनींत लठ्ठ विनोदी नट जॉन बनी याच्या बरोबर तिनें कामें केलीं, आणि त्याच सुमारास ती बायोग्राफ कंपनींत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याच्या हाताखालीं आली.

बायोग्राफसंबंधीं एक गोष्ट येथेंच नमूद करावी. ही कंपनी आपल्या नट-नटींचीं नांवें प्रसिद्ध करीत नसे. नांव झालें तर पगार वाढवावा लागेल, ही व्यापारी धास्ती. इंग्लंडांतील प्रेक्षक नांवें विचारूं लागले तेव्हां तेथील व्यवस्थापकांनीं चक्क बनावट नांवें ठरवून दिलीं. मेबलच्या वांट्यास ‘म्युरिएल फॉर्टेस्क्यू’ हें नांव आलें. म्हणजे समकालीन छापील कागदांतहि खोटें नांव असूं शकतें. समकालीनत्व हें प्रामाण्याचें एक अंग आहे, सर्वस्व नव्हे, ही गोष्ट पुढील विवेचनांत लेखकानें स्वतःच्याहि विरुद्ध लक्षांत ठेविली आहे.

१९१२ च्या उन्हाळ्यांत केसल व बॉमन या न्यूयॉर्कच्या भांडवलदारांनीं ‘कीस्टोन’ नांवाची विनोदी चित्रांची कंपनी काढली आणि बायोग्राफमधील मॅक सेनेट यास तिचा मुख्य केलें. मेबल, फोर्ड स्टर्लिंग व फ्रेड मेस हीं आरंभींचीं प्रमुख पात्रें. कंपनीचीं पहिलीं चित्रें २३ सप्टेंबर १९१२ रोजीं बाहेर पडलीं. त्यांपैकीं ‘द वॉटर निम्फ’ (जलपरी) यांत मेबल आहे: नायक आपल्या प्रेयसीस हाताशीं धरून स्वतःच्या रंगेल बापाची समुद्रकांठीं फजिती करवितो. काम कसें चाले हें समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाहीं. एक रीळ म्हणजे सुमारें एक हजार फूट फीत. चालावयास दहा ते पंधरा मिनिटें. आठवड्यास एक-दोन चित्रें तयार व्हावयाचीं. लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागांतील आवारांत, किंवा गांवांत कोठें शर्यत, मिरवणूक, तळें उपसण्याचें काम असें कांहीं चाललें असेल तर तेथें, मंडळी जावयाची आणि प्रसंग जागेवर रचावयाचा. लिखित संहिता नांवापुरती. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्या काळच्या कीस्टोन-चित्रांवर दिग्दर्शकाचें नांव नसे. कंपनीचें चिन्ह आणि चित्राचें नांव एवढेंच. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर या पोथ्यांस पुष्पिका नाहीं. कर्ता कोण हें अन्य प्रमाणानें ठरवावयाचें.

तिच्या अभिनयाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. भरतानें हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद सांगितले आहेत. पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, शेवटचे दोन अधम प्रकृतीचे. कीस्टोनचे पुरुष नट बहुधा अधम प्रकृतींतच वावरतात: डोळे गरगरा फिरवावयाचे, हवेंत उड्या मारावयाच्या, दाढ्या उपटावयाच्या. या गदारोळांत मेबल उभी असते आणि ओठाचा एक कोपरा हालविते. प्रेक्षकाची दृष्टि लगेच तिच्याकडे वळते. कित्येकदां ती क्षणभर सरळ यंत्राकडे, म्हणजे आपल्याकडे, पाहते. जणुं ‘हे पुरुष काय करीत आहेत तें पाहिलेंत ना?’ असें तिला म्हणावयाचें आहे. आत्मस्थ आणि परस्थ असा हास्याचा जो भेद नाट्यशास्त्रांत केला आहे, तो वर्गांत शिकवितांना लेखकास नेहमीं पुस्तकी वाटे. येथें तो उदाहरणासह दिसला. याचा अर्थ ती नाजूक कामेंच करी असा मात्र नाहीं. १९१२ च्या ‘अ डॅश थ्रू द क्लाउड्स’ या बायोग्राफ-चित्रांत ती त्या काळच्या उघड्या विमानांत बसून खरोखरच आकाशांत जाते. १९१३ च्या ‘बार्नी ओल्डफील्ड्स रेस फॉर अ लाइफ’ यांत तिला रेल्वेच्या रुळांस साखळीनें जखडलें आहे. पोहणें, उंचावरून पाण्यांत सूर मारणें, मोटार हांकणें, चिखलांत लोळणें, हें सर्व ती स्वतः करते.

कीस्टोनच्या चित्रांच्या यादीवर नुसती नजर टाकली तरी एक गोष्ट ठळक दिसते. ‘मेबल्स लव्हर्स’, ‘मेबल्स ॲडव्हेंचर्स’, ‘मेबल्स ऑफुल मिस्टेक्स’, ‘मेबल्स न्यू हीरो’, ‘मेबल्स ड्रॅमॅटिक करिअर’: चित्राच्या शीर्षकांतच तिचें नांव. ज्या धंद्यांत दोन वर्षांपूर्वीं नटाचें नांव लपवीत, त्यांत नटीचें नांव हीच मालाची खूण झाली. आपल्या संतकवींच्या अभंगांत जशी नाममुद्रा, तशी ही. आणि नाममुद्रेची जी गत पुढील लेखनिकांच्या हातीं कधीं कधीं झाली, तीच इकडे कशी झाली तें पुढें येईल.

आतां मुख्य मुद्दा. १९१३ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या चित्रपट-व्यवसायाच्या वृत्तपत्रांतून अशी वार्ता आली कीं, कीस्टोन कंपनीची आरंभापासूनची प्रमुख नटी मेबल नॉर्मंड ही यापुढें आपण ज्यांत काम करील त्या सर्व चित्रांचें दिग्दर्शन स्वतः करणार. कंपनीनें स्वतःच्या मालाची केलेली ही जाहिरात आहे, हें खरें. परंतु अशी जाहिरात करण्यांत कंपनीस खोटें बोलण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. स्त्रियांनीं दिग्दर्शन करणें त्या वेळीं अगदींच अश्रुतपूर्व नव्हतें. ॲलिस गी व लोइस वेबर या दोघी आधींपासून तें करीत होत्या. तेव्हां नवलाईसाठीं रचलेली ही आवई म्हणतां येत नाहीं. या वार्तेनंतर लगेच, जानेवारी १९१४ मध्यें, ‘वन इन अ क्लॉझेट’ हें चित्र बाहेर पडलें; आणि त्या वर्षांत दहाच्या आसपास तरी चित्रें आजचे संशोधक तिच्या नांवावर देतात.

त्यांत ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ (मेबलची विलक्षण अडचण) हें एक आहे. या चित्राचें महत्त्व सिनेमाच्या इतिहासांत मोठें आहे, कारण चार्ली चॅप्लिन यानें ढगळ विजार, तंग कोट, मोठे जोडे, काठी आणि टोपी हा आपला जगद्विख्यात वेष प्रथम धारण केला तो या चित्रासाठीं. कित्येक पुस्तकांत हा मान ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ या चित्रास दिलेला आढळतो. तें चित्र ७ फेब्रुवारी १९१४ रोजीं प्रसिद्ध झालें आणि मेबलचें ९ फेब्रुवारीस, म्हणून हा समज. परंतु मेबलच्या चित्राचें काम जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत सुरू झालेलें होतें, आणि मध्यंतरीं मुलांच्या मोटारींची शर्यत चाललेली पाहून दुसरें चित्र झटपट उरकण्यांत आलें. लेखनकाल आणि प्रकाशनकाल यांची गल्लत झाली कीं पौर्वापर्य कसें उलटतें, याचें हें सोपें उदाहरण. दीर्घकाळ सूचिकारांनीं या चित्राचें दिग्दर्शन सेनेट किंवा हेन्री लेहरमन याच्या नांवावर दाखविलें. आज तें मेबलचें मानतात. म्हणजे चॅप्लिनचा तो वेष पडद्यासाठीं जिच्या यंत्रापुढें प्रथम उभा राहिला, ती दिग्दर्शिका स्वतःच त्या चित्राची नायिका होती.

चॅप्लिनची साक्ष याच्या उलट जाते, आणि ती टाळून चालणार नाहीं. १९६४ मध्यें, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत त्यानें ‘मेबल ॲट द व्हील’ (चक्रधारी मेबल) या एप्रिल १९१४ च्या चित्राची हकीकत दिली आहे. मोटारींच्या शर्यतींत नायकाची गाडी घसरावी म्हणून खलनायकानें, म्हणजे चॅप्लिननें, रस्त्यावर नळीनें पाणी मारावयाचें होतें. त्यानें सुचविलें कीं आपला पाय नळीवर पडावा, पाणी थांबावें, आपण तोंड लावून नळी पाहावी आणि पाय निघतांच पाणी तोंडावर यावें. मेबलनें वेळ नाहीं, सांगितलें तेवढें करा, असें उत्तर दिलें. चॅप्लिन रुसून रस्त्याच्या कडेस बसला, दिवसाचें काम बंद पडलें, सेनेट संतापला. मेबल गोड आणि सर्वांची लाडकी, पण दिग्दर्शनाची पात्रता तिच्या अंगीं नव्हती, असा त्याचा निर्णय. पुढच्या बहुतेक ग्रंथकारांनीं हा निर्णय उतरून घेतला.

या साक्षीची छाननी करूं. साक्षीदार प्रत्यक्ष हजर होता, हें तिचें बळ. तो भांडणांतील एक पक्षकार होता आणि घटनेस पन्नास वर्षें लोटलीं होतीं, हा तिचा दोष. पण याहून महत्त्वाची गोष्ट साक्षीच्या पोटांतच आहे. नळीवर पाय देण्याची जी युक्ति मेबलनें नाकारली, ती १८९५ मध्यें फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंनीं आपल्या आरंभींच्याच चित्रांत वापरलेली होती. एकोणीस वर्षांची शिळी युक्ति घाईच्या वेळीं नाकारणें हा अपात्रतेचा पुरावा होत नाहीं. फार तर उतावळेपणाचा होईल. शिवाय हें चित्र १८ एप्रिलला प्रसिद्ध झाल्यावर नऊ दिवसांनींच ‘कॉट इन अ कॅबरे’ हें चित्र बाहेर पडलें, ज्यांत चॅप्लिन आणि मेबल एकत्र आहेत आणि ज्याच्या दिग्दर्शनांत तिचा हात सर्व सूचिकार मान्य करतात. तें चित्र पाहतांना दोघांत बेबनाव असल्याची खूण दिसत नाहीं. ‘मेबल ॲट द व्हील’ पुरतें बोलावयाचें तर भांडणानंतर सेनेटनें त्यांत हात घातला, म्हणून तें मिश्रकर्तृक समजावें आणि त्यावरून कोणाचीहि परीक्षा करूं नये, असें लेखकाचें मत आहे. त्या चित्रांत एक गोष्ट मात्र कोणाच्याहि साक्षीवर अवलंबून नाहीं: नायकास शत्रु पळवून नेतात, तेव्हां मेबल स्वतः त्याच्या जागीं चक्र हातीं धरते आणि शर्यत जिंकते.

दुसरी बखर सेनेटची. ती १९५४ मध्यें, लेखनिकाच्या साहाय्यानें, प्रसिद्ध झाली. तींत सिनेमांतील पहिल्या ‘पाय-फेकी’ची, म्हणजे मळलेल्या पिठाच्या पोळींत मलई भरून भाजलेला पदार्थ तोंडावर मारण्याची, कथा आहे. कामगारांच्या फराळाचा तो पदार्थ जवळ पडला होता. मेबलनें तो अचानक उचलला आणि बेन टर्पिन या तिरळ्या नटाच्या तोंडावर फेकला. सर्वजण हंसले आणि एका युगाचा आरंभ झाला. कथा रसाळ आहे, आणि मेबलच्या कर्तृत्वाला पोषकहि आहे. म्हणूनच ती सोडून देणें लेखकास जिवावर आलें. पण बेन टर्पिन सेनेटकडे आला तो १९१७ मध्यें. आणि तोंडावर पाय मारल्याचीं चित्रें त्याआधीं कित्येक आहेत. यांत मौज अशी कीं टर्पिनचें नांव अगदींच हवेंतून आलेलें नाहीं. शिकागोच्या एसॅने कंपनीच्या ‘मिस्टर फ्लिप’ या १९०९ च्या चित्रांत ज्याच्या तोंडावर हा पदार्थ बसतो तो टर्पिनच होय! दंतकथेनें व्यक्ति खरी राखली. गांव, कंपनी, साल आणि फेकणारी मात्र बदलली. बखरींचे अभ्यासक ही प्रक्रिया चांगली ओळखतात. म्हणून मेबलच्या नांवें हें श्रेय मांडूं नये. तिला उसन्या श्रेयाची गरज नाहीं.

ती का नाहीं, हें ‘मेबल्स ब्लंडर’ (मेबलची चूक) या १९१४ च्याच चित्रावरून समजावें. तें तिनें लिहिलें, दिग्दर्शित केलें आणि त्यांत मुख्य कामहि केलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रसूचींत २००९ मध्यें त्याचा समावेश झाला. मेबल एका कचेरींत कारकून आहे. मालकाच्या मुलाशीं तिचें लग्न ठरलें आहे. म्हाताऱ्या मालकाचाहि तिच्यावर डोळा आहे. एक अनोळखी तरुणी येऊन नवऱ्या मुलाच्या गळां पडते, तें मेबल दाराआडून पाहते. मग ती मोटार हांकणाराचा पोषाख चढवून दोघांच्या पाळतीवर जाते, आणि तिचे कपडे घातलेल्या पुरुषामागें म्हातारा लागतो. तरुणी शेवटीं मुलाची बहीण निघते. गोष्टींत विशेष कांहीं नाहीं. पण दाराआडचा तो प्रसंग लेखकानें चार वेळां पाहिला. संशय, राग, अपमान आणि ‘आपणच मूर्ख’ ही जाणीव, हे चार भाव त्या चेहऱ्यावरून एकामागून एक जातात, आणि यंत्र तितका वेळ, घाई न करतां, तेथेंच थांबतें. कीस्टोनच्या कारखान्यांत यंत्रानें थांबणें ही दुर्मिळ गोष्ट. कोठें थांबावयाचें हें ठरविणारी व्यक्ति ज्या चेहऱ्यावर थांबावयाचें त्याची मालकीण होती, याहून वेगळा पुरावा लेखकास नको.

आतां प्रतींची स्थिति. कीस्टोनचा जुना कारभार १९१७ च्या सुमारास मोडला. मागील चित्रांच्या फिती निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेल्या. चॅप्लिन तोंवर जगप्रसिद्ध झाला होता. व्यापाऱ्यांनीं जुनीं चित्रें नवीं म्हणून विकण्यासाठीं शीर्षकें बदललीं, मधल्या अक्षरपट्ट्या नव्यानें लिहिल्या, कांहीं भाग कापले. ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ हें ‘होटेल मिक्सअप’ झालें. ‘मेबल ॲट द व्हील’ हें एकदां ‘हॉट फिनिश’ झालें आणि एकदां ‘हिज डेअरडेव्हिल क्वीन’, म्हणजे ‘त्याची धाडसी राणी’. या शेवटच्या नांवांतील ‘त्याची’ या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. नाममुद्रा गेली आणि तिच्या जागीं षष्ठी विभक्ति आली. पुढील दोन-तीन पिढ्यांनीं पाहिल्या त्या याच प्रती. संहितेंतच जिचें नांव उरलें नाहीं, तिचें कर्तृत्व सूचींत कोठून येणार?

चॅप्लिनच्या कीर्तीमुळें नुकसान झालें तसा एक लाभहि झाला. लंडन, बोलोन्या आणि पॅरिस येथील संस्थांनीं एकत्र येऊन त्याच्या कीस्टोन-चित्रांच्या जगभरच्या प्रती जमविल्या, फ्रेमशीं फ्रेम ताडून पाहिली, आणि २०१० मध्यें शुद्ध केलेला संच प्रसिद्ध केला. भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठीं १९१९ पासून १९६६ पर्यंत जें काम चाललें त्याचेंच हें लहान भावंड म्हणतां येईल: तीच प्रतींची कुळें लावण्याची रीत, तीच प्रक्षेप ओळखण्याची कसोटी.

पण याहून आनंदाची वार्ता त्याच वर्षीं न्यूझीलंडहून आली. तेथील चित्रसंग्रहांत अमेरिकेंत नष्ट समजलेलीं पाऊणशें चित्रें सांपडलीं, त्यांत ‘वन इन अ क्लॉझेट’ हें होतें. त्यावरील नांव ‘वन इन अ कबर्ड’ असें होतें. कपाटास तिकडे रूढ असलेला शब्द घातला, एवढाच पाठभेद. मेबलनें दिग्दर्शित केलेल्या चित्रांपैकीं आज उपलब्ध असलेलें हें सर्वांत जुनें. न्यूझीलंड हें फितींच्या प्रवासाचें शेवटचें ठाणें. तेथून जुनी, झिजलेली आणि ज्वालाग्राही फीत परत पाठविण्याचा खर्च कोणास परवडत नसे, म्हणून ती तेथेंच राहिली. संस्कृतज्ञांस येथें भासाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सर्व भारतांत लुप्त मानलेलीं तीं नाटकें गणपतिशास्त्र्यांस केरळांत, देशाच्या टोंकास, मिळालीं. १९१२ पासून तीं छापून निघालीं. आणि त्यांच्या स्थापनेंत कवीचें नांव नसल्यामुळें कर्तृत्वाचा वाद माजला तो आजहि पुरता मिटलेला नाहीं. केंद्रांत नाश आणि सीमेवर रक्षण हा नियम ताडपत्राइतकाच फितीलाहि लागू दिसतो.

तिच्या पुढील आयुष्यास येथें थोडक्यांत उरकतों. १९१५ च्या सप्टेंबरांत तिच्या डोक्यास गंभीर इजा झाली. ती चित्रीकरणांत झाली, कोणा प्रतिस्पर्धी स्त्रीनें फुलदाणी मारल्यानें झाली, कीं तिनें समुद्रांत उडी घेतल्यानें झाली, अशा तीन कथा प्रचलित आहेत. पैकीं पहिलीच काय ती समकालीन वृत्तपत्रांतील. १९१६ मध्यें तिच्या नांवाची स्वतंत्र कंपनी निघाली आणि ‘मिकी’ हें मोठें चित्र तयार झालें. तें वर्षाहून अधिक काळ पडून राहून १९१८ मध्यें प्रसिद्ध झालें आणि अफाट चाललें. पण तोंवर ती गोल्डविन कंपनींत गेली होती, आणि पैका इतरांच्या पदरीं पडला. गोल्डविनकडील तिचीं बहुतेक चित्रें नष्ट आहेत. १९२१ मध्यें ती सेनेटकडे परत आली.

त्यापुढें संकटांची माळ आहे. तिचा जुना सहकारी रॉस्को आर्बकल याच्यावर सप्टेंबर १९२१ मध्यें एका स्त्रीच्या मृत्यूबद्दल आरोप आला. एप्रिल १९२२ मध्यें तो निर्दोष सुटला, तरी त्याचीं चित्रें, आणि त्यांबरोबर मेबलचींहि कित्येक, पडद्यावरून उतरलीं. १ फेब्रुवारी १९२२ च्या सायंकाळीं विल्यम डेस्मंड टेलर या दिग्दर्शकाचा त्याच्या घरीं खून झाला. त्याआधीं थोडा वेळ मेबल एक पुस्तक नेण्यासाठीं तेथें येऊन गेली होती. तिच्यावर आरोप आला नाहीं, खुनी सांपडला नाहीं, आणि वृत्तपत्रांनीं तिला सोडलें नाहीं. १ जानेवारी १९२४ रोजीं तिच्या गाडीवानानें कोर्टलंड डाइन्स नांवाच्या गृहस्थास तिच्याच पिस्तुलानें जखमी केलें. १९२३ चें ‘द एक्स्ट्रा गर्ल’ हें तिचें शेवटचें मोठें चित्र ठरलें. १९२६ मध्यें हॅल रोच याच्याकडे तिनें कांहीं लहान चित्रें केलीं, त्याच वर्षीं ‘मिकी’ मधील खलनायक ल्यू कोडी याच्याशीं लग्न केलें, आणि २३ फेब्रुवारी १९३० रोजीं मन्रोव्हिया येथील आरोग्यधामांत क्षयानें ती वारली. बोलपटांत तिचा आवाज कधींच उमटला नाहीं. तिच्यावरील लेखनाचा मोठा भाग या दोन परिच्छेदांतील मजकुरानेंच भरलेला असतो. १९७४ मध्यें न्यूयॉर्कांत ‘मॅक अँड मेबल’ हें संगीत नाटक आलें, त्यांतहि ती सेनेटची दुःखी प्रेयसी म्हणूनच वावरते. खून कोणी केला हा प्रश्न पोलिसांचा होता; चित्र कोणी केलें हा इतिहासाचा आहे.

आपल्याकडील वाचकांस या विषयाचा एक प्रत्यक्ष उपयोग आहे, तो सांगून थांबतों. ज्या १९१३ सालीं मेबलच्या हातीं दिग्दर्शन आलें, त्याच सालीं दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईंत लागला. त्यांत तारामतीचें काम पुरुषानें केलें होतें. त्याच सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्यें दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. आपल्या मूकपटांपैकीं फारच थोडे उरले, आणि पुण्यांत जतन केलेल्या जुन्या फितींचा मोठा भाग जानेवारी २००३ च्या आगींत जळाला. परंतु मूकपटांच्या काळीं मुंबई इलाख्यांत दाखविलीं जाणारीं बहुसंख्य चित्रें परदेशी, विशेषतः अमेरिकन, होतीं. न्यूझीलंडप्रमाणें आपलेंहि ठाणें दूरचेंच होतें. झिजलेल्या प्रती फिरत्या तंबूवाल्यांस विकल्या जात.

तेव्हां सभासदांस विनंति कीं, जुन्या वाड्यांतील माळे, बंद पडलेल्या थिएटरांच्या अडगळी आणि जुन्या बाजारांतील पत्र्याचे गोल डबे हे दफ्तराइतक्याच आस्थेनें पाहावे. फीत ठिसूळ झाली असेल, तिला उग्र वास येत असेल वा तपकिरी भुकटी पडत असेल तर ती नायट्रेटची समजावी. दिव्याजवळ वा उन्हांत उघडूं नये, यंत्रावर चढवूं नये, बंद कपाटांत कोंडूं नये. डबा थंड, हवेशीर जागीं ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास कळवावें. आणि आरंभींच्या अक्षरपट्टीवर मेबलचें नांव नसलें, तरी तेवढ्यावरून फीत बाजूस टाकूं नये. वर दिलेलीं बदललेलीं नांवें आधीं ताडून पाहावीं.